आयुष्याचं काय करायचं कळत नसेल तर आधी आठवड्यातला एक वार धरा

माझ्या पिको-फॉलच्या मशीनसमोर एक प्लास्टिकचं स्टूल आहे. साडी टाकायला आलेली बाई "पाचच मिनिटं हं" म्हणत त्यावर टेकते आणि अर्ध्या तासानं उठते. सांगलीत गावभागात हे काम करतेय त्याला २१ वर्षं झाली आणि त्या स्टुलावरनं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "आता सकाळी उठायचं तरी कशासाठी, तूच सांग." पोरं पुण्याला, नवरा रिटायर होऊन टीव्हीपुढं, स्वतःचे गुडघे गेलेले, सकाळचा स्वयंपाक दहाला आटपला की पुढं रात्रीपर्यंत नुसता वेळ. देवळात जाऊन बघितलं, सत्संगाला बसून बघितलं, योगाच्या क्लासला पैसे भरून बघितले, पोकळी काय जात नाही. हे फक्त बायकांचंच नाही बरं का, बायकोची साडी घेऊन येणारे पुरुष पण बोलतात, फक्त ते उभ्यानं बोलतात.

मला पण एकदा असंच झालतं, आणि त्यातनं जे शिकले ते तोंडी इतक्यांदा सांगितलं की भाची म्हणाली, मावशी एकदाचं टाईप करून टाक. तर हे ते. रेसिपी वाचता तसं वाचा, मीठ आपापल्या चवीनं.

माझं झालं असं

२०१७ ला आई मिरजेला ॲडमिट होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, १८९४ ला डॉक्टर वानलेसनी मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातनं माणसं इथं उपचाराला येतात, त्यामुळं वॉर्डाबाहेरच्या बाकड्यांवर निम्मं बोलणं कानडी. चार दिवस मी त्या बाकड्यावर होते. तिसऱ्या दिवशी रात्री डॉक्टरनी सांगितलं की आता हातात फार काही राहिलं नाही. मी बाहेर येऊन बसले, रडू पण येईना. शेजारी इरकल नेसलेली एक म्हातारी होती, ती म्हणाली, "ऊटा आतेनरी?" जेवलीस का, एवढं कानडी सांगलीत राहून कळतंच. मी नुसती मान हलवली. तिनं फडक्यातनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली आणि फडक्यासकट माझ्या मांडीवर ठेवली. बोलली काहीच नाही. तिचा नवरा आत व्हेंटिलेटरवर होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आई गेली. सगळे भेटायला आले, सगळ्यांनी चार चार शब्द सांगितले, त्यातला एक पण आता आठवत नाही, पण ती भाकरी डोक्यातनं जाईना. माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतल्या बाईला माझी भूक दिसली होती, आणि मला गेल्या दहा वर्षांत घराबाहेरच्या कुणाची दिसली होती का? खरं सांगायचं तर नाही. हे काय फार पुण्यवान विचार वगैरे नव्हते, लाज वाटली एवढंच.

मग मी पण काहीतरी करायचं ठरवलं आणि पहिलंच चुकलं. डिसेंबर होता, ग्रुपवर पैसे गोळा केले, ४० चादरी घेतल्या, एसटी स्टँडवर वाटल्या, फोटो काढले, स्टेटसला टाकले. दीड तासात सगळं आटोपलं. रात्री लई भारी वाटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच, मशीन, चहा, आणि छातीत ते रिकामं. ज्यांना चादरी दिल्या त्यातल्या एकाचं पण नाव मला माहीत नव्हतं, त्यांना माझं नव्हतं.

तर पहिली गोष्ट: वार धरा

मूड आला की चांगुलपणा करू असं म्हणाल तर मूड दिवाळीला आणि गणपतीत येतो. म्हणून आठवड्यातला एक वार आणि एक माणूस धरा. एकच. माझा गुरुवार, कारण गुरुवारी उपास असतो, स्वयंपाकाचा तास वाचतो, आणि का कोण जाणे साड्या पण कमी येतात. माणूस म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एक आजी, तेव्हा ७६ च्या, आता ८४ च्या, मुलगा बेंगलोरला. चार ते पाच. पाऊस असो, घरी पाहुणे असोत, चार ते पाच मी आजींकडं.

एकच माणूस का, तर दहा जणांना मदत केली की तुम्ही मदत करणारे होता, आणि एकाकडं वर्षभर गेलात की तुम्ही त्याच्या घरातले होता. मला जी पोकळी भरायची होती ती दुसऱ्या प्रकारानं भरली, पहिल्यानं नाही भरली, चादरीचा अनुभव वर सांगितलाच.

माणूस शोधायला लांब जायची गरज नाही. तुमच्या बिल्डिंगचा वॉचमन, समोरच्या घरात आजारी सासऱ्याचं सगळं एकटी करणारी सून, शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत पायरीवर बसून राहणारं पोरगं. आमराईत सकाळी फिरायला जाता ना, तिथं एकाच बाकावर रोज एकटे बसणारे एक तरी काका असतातच. आठवडाभर नुसतं बघा, कुणाला काही देऊ नका, कुणाशी मुद्दाम बोलू नका. बघितलं की दिसतं, आपण बघत नाही हीच अडचण आहे. मोबाईल मात्र पर्समध्ये ठेवून बघायचं.

विचारा, स्वतः ठरवू नका

आजींकडं पहिले दोन महिने मी दर गुरुवारी कायतरी करून न्यायची. उपमा, शिरा, थालीपीठ. त्या "ठेव गं" म्हणायच्या. एकदा मागच्या दारानं गेले तर माझा उपमा कुत्र्यापुढं. इतका राग आला म्हणून सांगू! घरी येऊन ह्यांना म्हणलं, परत पाय ठेवणार नाही. आमचे हे फार बोलत नाहीत, ते फक्त म्हणाले, "त्यांना उपमा पायजे होता का?"

पुढच्या गुरुवारी रिकाम्या हातानं गेले आणि विचारलं, आजी, तुम्हाला नक्की कशाची अडचण होते? मला वाटलं औषधं म्हणतील, बाजार म्हणतील. आजी म्हणाल्या, "सुई ओवता येत नाही." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं पण बारीक दिसत नव्हतं, हात थरथरायचे. वाकळ शिवायची म्हणजे त्यांचा जीव की प्राण, जुनी लुगडी फाडून थर लावून ठेवलेले आणि सुईत दोरा जात नाही म्हणून दोन वर्षं तसंच पडलेलं. आणि मी, जी दिवसभर सुई-दोऱ्यात असते, ती त्यांना उपमा खायला घालत होते.

तेव्हापासून दर गुरुवारी मी १२ सुया ओवून देते, लांब दोरा घालून, गाठ मारून, एका जुन्या उशीला टोचून ठेवते. वीस मिनिटांचं काम. आठवडाभर त्या शिवतात. आतापर्यंत किती वाकळी झाल्या मोजलेलं नाही, दोन माझ्याच घरात आहेत, एक बेंगलोरला गेली, बाकी कुणाकुणाच्या बाळंतपणाला.

हे विचारायचं अवघड वाटतं हे मान्य. "काय मदत करू?" असं मोघम विचारलं की माणूस "काही नको" म्हणतो, आपल्याकडं सगळेच म्हणतात, ती आपली रीतच आहे. म्हणून नेमकं विचारा. मी मंगळवारी बाजारात चाललेय, तुमचं काय आणू? उद्या मी मोकळी आहे, बँकेत सोबत येऊ का? नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्या महिन्यात एखाद्या काकांना "काका दाखला दिला का, चला रिक्षा बोलावते" एवढं म्हणून बघा, त्यांच्या तोंडावरचं टेन्शन उतरताना दिसतं. मोबाईलवरचे फॉर्म, केवायसी, यातलं पण पोरांना जे दोन मिनिटाचं वाटतं त्यासाठी म्हातारी माणसं आठवडा आठवडा झोपत नाहीत. फक्त ओटीपी त्यांच्याकडनंच टाकून घ्या आणि पासबुक त्यांच्या हातात परत द्या, आपण कितीही स्वच्छ असलो तरी उद्या कायतरी झालं तर संशय आपल्यावर नको.

न विचारता केलेल्या मदतीचं काय होतं ते सांगलीनं डोळ्यांनी बघितलंय. २०१९ च्या पुरानंतर बाहेरनं जुन्या कपड्यांचे ढीग आले, एका हॉलमध्ये मी आणि सात-आठ बायका ते निवडायला बसलो होतो. फाटके परकर, बटणं नसलेले शर्ट, एक तर शेरवानी. लोकांनी मनापासूनच पाठवलं असेल, मी नाही म्हणत नाही, पण त्या आठवड्यात आम्हाला पायजे होते खराटे, फिनेल, कोरड्या काडेपेट्या आणि बायकांना लागणारी पॅडं. ज्यांनी फोन करून विचारलं त्यांनी तेच पाठवलं.

हातात जे येतं तेच द्या

पैशाचा विषय निघाला की मला लक्ष्मीबाई आठवतात. माझं माहेर कराडकडचं, काले गाव जवळ, जिथं भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था सुरू केली. आमचे तात्या रयतच्याच शाळेत शिकले, त्यामुळं ही गोष्ट घरात आरतीसारखी पाठ: साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांना खायला घालायला पैसे उरले नाहीत तेव्हा भाऊरावांच्या बायकोनं अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्र पण मोडलं. सगळे ह्याला त्याग म्हणतात, आहेच, पण मला त्यात वेगळंच दिसतं. त्या बाईच्या डोक्यात संस्था, इतिहास असलं काही नसणार. संध्याकाळ झालीय, इतकी इतकी पोरं आहेत आणि पीठ नाही, एवढंच असणार. (तुम्ही तुमचं मंगळसूत्र मोडू नका, उगाच माझ्या नावानं घरी भांडण नको.)

आपल्याला रोज जे काम येतं त्याचा एक छोटा तुकडा द्यायचा. माझ्याकडं कात्रण पडतं, ब्लाऊजचं, अस्तराचं, पोतंच्या पोतं. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आमच्या माहेरच्या रानात पण त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, आणि थंडीत पहाटे अंधारात ऊस तोडायला जाताना आया तान्ह्या पोरांना फडात घेऊन जातात. त्या पोरांसाठी मी कात्रणाची टोपडी शिवते, आत जुन्या बनियनचं मऊ कापड लावून. एका टोपड्याला दहा मिनिटं. पहिल्या वर्षी नुसती जाऊन देऊन आले. दुसऱ्या वर्षी एक बाई म्हणाली, "ताई, टोपडं ऱ्हाऊ द्या, सुई-दोरा द्या, माझं मी शिवते, आणि ब्लाऊजला हूक लावायचे ऱ्हायलेत." बघा, परत विचारायचंच राहिलं होतं. आता मी टोपडी, रिळं, हूक असं सगळं एका डब्यात नेते आणि दोन तास त्यांच्यात बसून येते. शेवटी त्या चुलीवरचा काळा चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. तो चहा नाकारायचा नाही, हे लक्षात ठेवा, याच्यावर पुढं बोलते.

आमच्या गल्लीत एक प्लंबर आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेवरनं रेल्वेनं कृष्णेचं पाणी गेलं, पहिल्या गाडीला पाण्याच्या टाकीच्या १० वाघिणी होत्या आणि एकेकीत ५० हजार लिटर. त्या कामात हे दोन दिवस पाइपाच्या जोडणीला होते. कुणी विचारलं की म्हणतात, "मी काय केलं, गळतंय कुठं तेवढं बघितलं." आजतागायत त्यांच्या बोलण्यात लातूरचा विषय आठवड्यातनं एकदा येतोच. बायको वैतागते. मला मात्र कळतं, त्या माणसाच्या आयुष्यातले ते पाना फिरवलेले दोन दिवस त्याला पुरून उरलेत.

रिक्षा असेल तर शाळेच्या वाटेवर एका पोराला सोडा. मेडिकल असेल तर म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात सकाळ-रात्र लिहून द्या. गणित येत असेल तर कामवाल्या मावशींच्या पोरीला दहावीचं वर्ष सांभाळा. काहीच येत नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता घ्यायचं, हे देण्यापेक्षा अवघड

२०१९ चा पूर. ऑगस्टचा पहिला आठवडा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या आमच्या गावभागात काय झालं असेल तुम्हीच समजा. आम्ही माळ्यावर काही सामान टाकलं आणि विश्रामबागला नणंदेकडं गेलो, मशीन खालीच राहिलं. लोखंडी, दोघांना उचलणार नाही असलं. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर मशीनवर चिखलाचा थर आणि त्यावर मेलेला मासा. मी उंबऱ्यावर बसून राहिले.

तेव्हा जी पोरं आली, कुठनं आली, कुणी पाठवली, मला अजून माहीत नाही, चार-पाच कॉलेजची पोरं होती, त्यांनी विचारलं, "काकू, आत येऊ का?" आणि मी म्हणाले, "नको नको, आमचं आम्ही करतो." का म्हणाले? सवय. दोन वर्षं मी दुसऱ्याला देत होते आणि घ्यायची वेळ आली तर जीभ उचलेना. त्यातला एक पोरगा हसला आणि म्हणाला, "काकू, आम्हाला पण पुण्य मिळू दे की." मग आले. दिवसभर चिखल ओढला. मिरजेचा एक मशीन मेकॅनिक आला, त्यानं मशीन अख्खं उघडून रॉकेलनं धुतलं, तेल घातलं, दोन दिवस उन्हात ठेवायला सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत. मी जबरदस्तीनं खिशात कोंबले, त्यानं काढून बॉबिनच्या डबीत ठेवले. तेच मशीन अजून चालतंय, जरा जास्त आवाज करतं.

आमच्याकडं रानात पैरा करतात. तुझ्या रानात मी आज, माझ्या रानात तू उद्या, त्याचा हिशोब कागदावर नसतो पण प्रत्येकाच्या डोक्यात पक्का असतो. जो फक्त दुसऱ्याच्या रानात राबतो आणि आपल्या रानात कुणाला बोलवत नाही त्याच्याशी कोण पैरा करत नाही, तो मोठा होऊन बसतो आणि एकटा पडतो. चांगुलपणाचं पण तसंच आहे. आजींकडनं मी काय घेते? लोणच्याचं प्रमाण, जुन्या सांगलीच्या गोष्टी, आणि अधूनमधून शिव्या. ज्याला तुम्ही देता त्याच्याकडनं काहीतरी मागा. चिमूटभर हिंग मागा, सल्ला मागा, पण मागा. नाहीतर तो माणूस तुमच्यापुढं कायम खाली मान घालून उभा राहतो आणि एक दिवस तुम्हाला टाळायला लागतो, त्याचं काही चुकत नाही.

घरातलं

हे लिहायचं जिवावर आलंय पण लिहिते. पहिल्या वर्षी मी बाहेर मेणासारखी मऊ आणि घरात तापलेला तवा. गुरुवारी आजींना गोड बोलून यायचं आणि आल्या आल्या ह्यांच्यावर, चहाचा कप विसळून का ठेवला नाही. पोरगी एकदा फोनवर म्हणाली, आई मला पण एक गुरुवार दे. गप्प बसले मी. तर, बाहेरचा वार धरताना घरातल्या एकाला पण रोजची दहा मिनिटं द्या, फोन खाली ठेवून. ह्यांच्याबरोबर मी रात्री गच्चीत बसते. बोलणं फार नसतं, पाण्याची टाकी भरली का, एवढंच, तरी बसते.

रस्त्यावर, दवाखान्यात

सांगली-मिरज रोडला एकदा माझ्यासमोर टू-व्हीलरवाला पडला. डोक्यातनं रक्त. आम्ही पंधरा जण गोल करून उभे, कुणी पुढं जाईना, पोलिसांचं लफडं मागं लागेल म्हणून. शेवटी एक भाजीवाली पुढं झाली. मला त्या दिवसाचं अजून वाईट वाटतं. नंतर कळलं की २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला त्यात कलम १३४-अ आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव-पत्ता सांगायची पण सक्ती नाही, तुम्ही १०८ ला फोन करून, माणूस दवाखान्यात पोचवून निघून येऊ शकता. हे आपल्या घरातल्या पोरांना नक्की सांगून ठेवा.

रक्तदानाला गेले तर पहिल्यांदा परत पाठवलं, हिमोग्लोबिन १०. साडेबारा लागतं, वजन ४५ किलोच्या वर आणि वय १८ ते ६५. दुसऱ्याला द्यायला गेले आणि आपल्यातच नाही असं कळलं! डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, सहा महिन्यांनी परत गेले आणि दिलं. बायकांना चार महिन्यांतनं एकदा देता येतं, पुरुषांना तीन. मला वाटतं यात सगळ्यात चांगलं हे की कुणाला दिलं ते कधीच कळत नाही.

आणि एक गंभीर. स्टुलावर बसलेली एक बाई एकदा म्हणाली, मला जगायचंच नाही. असं कुणी म्हणलं तर प्रवचन देऊ नका, "तुझ्यापेक्षा वाईट किती जणांचं आहे बघ" हे तर अजिबात नको. मशीन बंद करा, जवळ बसा, ऐका, एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आणि फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी तिच्यासमोर लावून दिला आणि तिच्या बहिणीला बोलावून घेतलं. आपण डॉक्टर नाही, डॉक्टरपर्यंत पोचवायचं आपलं काम.

फसवणूक, नाही म्हणणं वगैरे

पैसे मागणारे भेटतातच. उपचारासाठी म्हणून क्यूआर कोड फिरतात, खरे पण असतात, खोटे पण असतात. मी रोख देत नाही, मेडिकलच्या काउंटरवर जाऊन बिल भरते, नाहीतर सरळ नाही म्हणते. एकदा फसले आहे, ८०० रुपयांना. तेव्हापासून सगळ्यांवर संशय घ्यायचं ठरवलं असतं तर ८०० पेक्षा जास्त गेलं असतं.

आणि दमलात तर थांबा. एका बाईनं वार धरला आणि सहा महिन्यात तिच्या त्या शेजारणीनं हिच्याकडनं रोजचा डबा, मग दळण, मग लाईटबिल असं सगळं करून घ्यायला सुरुवात केली. मी म्हणलं, गुरुवारचा गुरुवार ठेव, बाकी सहा दिवस तुझे. वार धरण्याचा हा पण फायदा असतो, कुंपण आपोआप पडतं.

फोटोबद्दल माझा एकच नियम: समोरच्याच्या जागी आपली आई असती तर तिला तो फोटो चालला असता का?

खर्चाचं म्हणाल तर माझा महिन्याचा शंभर-दीडशेच्या वर जात नाही. आजींना औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जायचं होतं, तीन वर्षं मागं लागल्या होत्या, मी गाडी करायचा खर्च मनात धरून पुढं ढकलत होते. मग लक्षात आलं, ७५ च्या वरच्यांना एसटी २०२२ पासून फुकट आहे आणि आम्हा बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट. म्हणजे दोघींचं मिळून माझं अर्धं तिकीट! गेलो. घाटावर आजी पाण्यात पाय सोडून तासभर बसल्या, उठायलाच तयार नाहीत, शेवटची गाडी चुकते की काय म्हणून माझा जीव खालीवर.

मग अर्थ कधी सापडतो

याचं उत्तर मला ठरवून देता येत नाही, माझं कधी झालं ते सांगते. साधारण दीड वर्षानं. मला डेंग्यूसारखा ताप होता, दोन गुरुवार गेले नाहीत, कुणाला कळवायचं पण सुचलं नाही. दुसरा गुरुवार चुकल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्या पोरानं दार वाजवलं, हातात ती उशी, बाराच्या बारा सुया रिकाम्या. म्हणाला, "आजींनी दिलीय. म्हणाल्या, सुया संपल्या, बाई जिवंत आहे का बघून ये." मी अंथरुणात बसून इतकी हसले की ह्यांना वाटलं ताप डोक्यात गेला. त्यादिवशी अंगात ताप होता, कणकण होती, तरी सुया ओवल्या. "सकाळी कशासाठी उठायचं" हे मी त्यानंतर स्वतःला विचारलेलं आठवत नाही.

तुम्हाला तोवर काही करायचं असेल तर एक वही करा. त्यात मी अमुक चांगलं काम केलं असलं लिहू नका, त्यानं डोकं फिरतं. फक्त माणसांची नावं लिहा, ज्यांचं नाव तुम्हाला या आठवड्यात नव्यानं कळलं. रोज भाजी घेतो त्या मावशींचं नाव काय? कचऱ्याची गाडी घेऊन येतो त्याचं? माझ्या वहीत पहिल्या वर्षी ३१ नावं होती. त्या कानडी म्हातारीचं त्यात नाही, ते विचारायचंच राहिलं.

तिचं फडकं मात्र माझ्याकडं आहे. आईच्या गडबडीत ते पिशवीत आलं, घरी आल्यावर दिसलं, निळ्या काठाचं, जुन्या धोतराचं असावं. धुऊन, इस्त्री करून, त्यात शेंगदाण्याचे लाडू बांधून मी आठव्या दिवशी मिरजेला गेले, रिकामं कसं परत द्यायचं म्हणून. बाकड्यावर दुसरीच माणसं होती. वॉर्डात विचारलं तर म्हणाले ते पेशंट गेले, गावाकडं नेलं. कुठलं गाव ते सांगेनात. बाकड्यावर एक पोरगा बसला होता, पंचविशीचा असेल, टक लावून दाराकडं बघत. मी शेजारी बसले, म्हणलं "ऊटा आतेनरी?" तो मराठीच निघाला, जतकडचा. लाडू त्यानं खाल्ले, फडकं घडी करून मला परत दिलं.

आता मिरजेला कुणाला बघायला गेले की दोन भाकऱ्या जास्तीच्या नेते, आणि जुन्या फडक्यात बांधते, जे परत आलं नाही तरी चालेल असलं. निळ्या काठाचं सोडून.